कॅमेऱ्यातली भुताळी

महिपतच्या पडवीत त्या हिवाळ्यात रोज दिवेलागणीला अर्धं गाव गोळा व्हायचं. बायका डोक्यावर पदर घेऊन पुढे, पुरुष मागे खांबांना टेकून, पोरं कुणाच्या ना कुणाच्या कुशीत. सगळ्यांचे डोळे टीव्हीवर. टीव्हीवर मालिका नसायची, महिपतचंच अंगण दिसायचं: तुळस, खळं, पेंढ्याची उडवी, कुंपणाचं फाटक. मान वळवली तर तेच अंगण समोर उघडं होतं, पण तिकडे कुणी बघत नसे. उजेड असेपर्यंत चित्र रंगीत असायचं. काळोख पडला की ते एकाएकी काळंपांढरं व्हायचं आणि बायका एकमेकींचे हात धरायच्या.

मग डोंगराकडून वारा सुटायचा आणि टीव्हीशेजारचा डबा वाजायला लागायचा. टूं, टूं, टूं. चित्रात, अंगणाच्या अगदी मधोमध, काहीतरी पांढरं उतरायचं. माणसाहून उंच, कडा धूसर, खाली झिरमिळ्या सुटलेल्या. ते डुलायचं, थांबायचं, पुन्हा डुलायचं. कुणी धीर करून अंगणात बघितलं तर तिथे चिटपाखरू नसायचं. टीव्हीत मात्र ती उभी.

"पाय बघा," लडकू भगत हलक्या आवाजात म्हणायचा. "भुईला लागतात का? नाय लागत. आता चाल बघा. डाव्या अंगाला झुकते. गावात डाव्या पायानं लंगडतं कोन, ते मी नाय सांगत. तुमीच सांगा."

कुणी सांगायचं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

मी किन्हवलीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. हे गाव आमच्या शाळेपासून रिक्षानं थोड्याच अंतरावर. २००९ साल, मार्गशीर्ष महिना. महिपतची सून सोनाली माझी जुनी विद्यार्थिनी, तिच्याकडून मला हे सगळं कळलं. ती फोनवर इतकं हळू बोलत होती की मला दोनदा विचारावं लागलं. शेवटी ती म्हणाली, "बाई, अवसेला धोंडीआजीला खळ्यावर आणनार हायत. केस कापून शिवेबाहेर घालवनार, आसं बोलतात. पन मानसं दगड गोळा करून ठेवतायत. तुमी या."

कॅमेरा कसा आला ते आधी सांगते. महिपतच्या विहिरीवरचा पंप चोरीला गेला, म्हणून त्याच्या मुलानं, म्हणजे सोनालीच्या नवऱ्यानं, पंकजनं, मुंबईहून कॅमेरा आणला. पंकज पूर्वी कल्याणला मोबाईलच्या दुकानात कामाला होता, त्याला वायरींची समज होती. अंधारात बघणारा कॅमेरा पडवीच्या वाशाला बसला, चित्र साठवणारा डबा टीव्हीशेजारी. अंगणात काही हललं की डब्यानं वाजायचं आणि तेवढंच चित्र साठवायचं. ही चाहूल किती बारीक घ्यायची याचा एक आकडा असतो. पंकजनं तो चढवता येईल तेवढा चढवला, मांजरसुद्धा सुटायला नको म्हणून. दिवसा कोंबड्या आणि पोरं डब्याला दम घेऊ देत नसत, तेव्हा दिवसभर चाहूल बंद आणि संध्याकाळपासून चालू, असं त्यानं ठरवून टाकलं.

आता नवी वस्तू घरात आली की तिची पूजा होणारच. आमच्याकडे मोटारसायकलीला होते, भात भरडायच्या गिरणीला होते, तशी कॅमेऱ्याचीही झाली. लडकू भगतानं नारळ फोडला, कॅमेऱ्याला शेंदूर लावला आणि दृष्ट लागू नये म्हणून वर वाशाला काळा दोरा बांधला. त्याचा देव तोवर वाऱ्यातून बोलायचा, त्या दिवसापासून वायरीतून बोलू लागला. पांढरी बाई टीव्हीत दिसायला लागली ती त्यानंतरच.

त्यातच सोनालीच्या तान्ह्या मुलाला ताप भरला. पोराला धाप लागायची. दवाखान्यात न्यायचं म्हटलं की लडकू म्हणायचा, सुई टोचली तर भुताळी, म्हणजे ती टीव्हीतली चेटकीण, पोराच्या अंगातच कोंडली जाईल. महिपत म्हणजे गावातला भारदस्त माणूस, पण नातवाच्या छातीची घरघर ऐकून त्याचं पाणी झालं होतं. तो लडकूच्या शब्दाबाहेर जाईना. लडकूनं दोनतीनदा कॅमेऱ्याला बंधन घातलं. त्या वेळी टीव्ही बंद, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि हा स्टुलावर चढून पुटपुटत शेंदूर फासणार. बंधन घातलं की एखादी रात्र डबा गप्प राहायचा. मग लडकू दुपारचा एक फेरा मारून जायचा, आणि संध्याकाळी पुन्हा टूं, टूं. तिनं बंधन तोडलं, असं तो हताश चेहऱ्यानं सांगायचा.

धोंडीबाईवर त्याचा राग जुना नव्हता. भातकापणीत एका पोराला साप चावला, तेव्हा लडकू लिंबाचा पाला घेऊन मंतरायला बसलाही होता. धोंडीबाईनं सडकेवर लंगडत जाऊन जीप थांबवली आणि पोराला शहापूरच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. पोर वाचलं. लडकूचा पाला तसाच वाळून गेला.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी गेले ती आधी धोंडीबाईकडे. गावाच्या टोकाला तिचं कुडाचं घर. नवरा कधीच गेलेला, मूल नाही. मला वाटलं होतं, ती रडेल, शिव्या घालेल. ती शांतपणे चुलीपाशी बसली होती. तिलाही एकदा पडवीत बोलावून टीव्ही दाखवला होता.

"मी बघितली गो बाई," ती म्हणाली. "चाल माझीच हाय."

मी म्हटलं, आजी, तेव्हा तुम्ही पडवीत बसला होतात, मग अंगणात कशा असाल? तिनं मान हलवली. लडकूनं तिला सांगितलं होतं की देह इथं बसतो आणि जीव तिकडं फिरतो.

"झोपल्यावर माझा जीव कुठं जातो, मला काय ठाव? माझ्यानं त्या पोराला काय होत आसंल तर मी जाते कुठंतरी. फक्त मारू नका म्हनावं."

मी तिथून उठले. लडकूनं गाव खिशात घातलं होतं इतकंच नाही, या बाईलाही तिच्याविरुद्ध साक्षीला उभं केलं होतं. पोलीस पाटलाला सांगावं, तर तो रोज पडवीत पुढच्या रांगेत बसणारा.

दिवेलागणीला मीही पडवीत बसले. खरं सांगते, डबा वाजला आणि ती पांढरी आकृती उतरली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला भीती वाटत नाही असं काही नसतं. मी डोळे मिटले नाहीत एवढंच, आणि बघता बघता तीन गोष्टी मनात टोचायला लागल्या. ती तुळशीच्या पुढून जायची, उडवीच्या पुढून जायची, फाटकाच्या पुढून जायची. कशाच्याही मागे ती कधी जात नव्हती. दुसरं, तिचे पाय भुईला लागत नव्हते हे खरं, पण तिला डोकंही नव्हतं. चित्राच्या वरच्या कडेपाशी ती संपत होती. ज्या बाईचं तोंड कुणी बघितलंच नाही, तिचं नाव मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. आणि तिसरं, वारा पडला की ती थांबायची.

गर्दी पांगल्यावर मी पंकजला म्हटलं, तुझ्या डब्याची चाहूल मला दाखव. त्यानं रिमोटनं ते पान उघडलं. अंगणाच्या चित्रावर चौकटींची जाळी आली, सगळ्या चौकटी लाल. लाल चौकटीत हललं की डबा वाजणार. मी म्हटलं, आता वरचा मधला पट्टा काढ, बाकी सगळं अंगण राहू दे. त्यानं काढला. टीव्हीत पांढरी बाई डुलत होती, पण डबा गप्प झाला. मग उलट केलं. सगळं अंगण काढलं आणि फक्त तो पट्टा ठेवला. डबा लगेच वाजायला लागला.

"म्हणजे अंगणात कुणी नाही," मी म्हटलं. "जे काही आहे ते कॅमेऱ्याच्या नाकासमोर आहे."

बॅटरी घेऊन स्टुलावर चढलो. वाशाला बांधलेल्या काळ्या दोऱ्याचं एक टोक कॅमेऱ्यासमोर लोंबत होतं, टोकाला सुटे धागे. धुरानं काळवंडलेल्या वाशाखाली काळा दोरा. दिवसा तो चित्रात उमटायचाच नाही, इतका बारीक आणि इतका जवळ. पंकजनं तो उपटायला हात घातला, मी त्याचं मनगट धरलं. आज दोरा गेला तर उद्या लडकू म्हणेल, भुताळी भिऊन पळाली. परवा तो दुसरं काही बांधेल, आणि धोंडीबाई भुताळी ती भुताळीच राहील. हे सगळ्यांनी बघायला हवं होतं, आणि धोंडीबाईनंही.

अवसेच्या दिवशी मी दुपारीच पोचले. पडवी तेव्हाच भरली होती. आधी पुरुष मागे टेकून बसायचे, आज ते अंगणात उभे होते. खळ्याच्या कडेला दगड एका जागी आणून ठेवले होते, जणू बांध घालायचाय. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. धोंडीबाईला आणून तुळशीपाशी बसवलं होतं, आणि तिच्याभोवती कुणीच बसलं नव्हतं. लडकूच्या ताटात शेंदूर, लिंबं आणि एक कात्री.

मी महिपतला म्हटलं, दादा, दिवस मावळायला वेळ आहे, तोवर मला एक गोष्ट दाखवू द्या. नातवासाठी म्हणून बघा. लडकू हसला. दिवसाउजेडी भुताळी यायची नाही, बाईंना शास्त्र ठाऊक नाही, असं त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मी म्हटलं, येईल.

पडवीलगत भाताच्या कणग्यांची खोली होती, तिला खिडकी नव्हती. पंकजनं कॅमेरा वाशावरून उतरवला, दोऱ्यासकट, आणि वायर ओढून त्या खोलीत एका फळीवर बसवला. दोरा वर खुंटीला, होता तसाच लोंबता. डब्याची चाहूल त्यानं भरदिवसा चालू केली आणि दार लावून घेतलं. बाहेर टीव्हीवर चित्र काळंपांढरं झालं, कणग्या दिसायला लागल्या. पंकज आत अंधारात सुपानं वारा घालू लागला.

टूं, टूं, टूं.

भरदुपारी, कणग्यांसमोर, तीच पांढरी बाई डुलत होती. डाव्या अंगाला झुकत. बायका मागे सरकल्या. तुळशीपाशी धोंडीबाई उन्हात बसली होती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. लडकू म्हणाला, जीव आत शिरला. मी पंकजला हाक मारून सांगितलं, दोरा वर उचल. बाई नाहीशी झाली. सोड, म्हटलं. बाई आली. उचल. गेली. मग महिपतला हाताला धरून आत नेलं आणि दोरा त्याच्या हातात दिला. तो उचलत होता, सोडत होता, आणि बाहेर माणसं टीव्हीकडे बघत होती.

मी समजावून सांगितलं. या कॅमेऱ्याच्या डोळ्याभोवती बारीक दिवे आहेत. त्यांचा उजेड आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. कितीतरी काळे रंग तो उजेड गिळत नाहीत, परत फेकतात. आपल्याला काळा दिसणारा दोरा त्याला पांढरा दिसतो. आणि अगदी डोळ्यासमोर बोट धरलं की बोट केवढं दिसतं, ते ज्यानं त्यानं आत्ता करून बघावं. पडवीत बरीच बोटं वर झाली.

"त्यो दोरा मंतरलेला हाय," लडकू म्हणाला. "भुताळी त्याच्यात आडकलीय."

मी म्हटलं, मग दुसरा घेऊ. काळे दोरे गावात कमी नव्हते. सोनालीनं कुणालाही न विचारता मांडीवरच्या पोराच्या कमरेचा काळा करगोटा सोडला आणि माझ्या हातात दिला. तिचा चेहरा पांढराफटक होता. करगोटा खुंटीला लागला, सूप हललं, आणि टीव्हीत पांढरी बाई आली. तीच उंची, तेच डुलणं.

सूप थांबलं तशी पोराची धाप ऐकू यायला लागली. लडकूला तेव्हा गप्प बसता आलं असतं. पण इतकी वर्षं ज्याचं तोंड चाललं, त्याला ते आवरत नाही.

"बघा," तो ओरडला. "पोरात शिरली."

सोनाली उठली. पोर खांद्यावर, पदर खाली आलेला. सासऱ्यासमोर ती कधी मान वर करून बोलली नव्हती. ती सरळ लडकूपुढे गेली, त्याच्या गळ्यातला काळा गंडा धरला आणि हिसडला. तो तुटून तिच्या हातात आला. तिनं तो स्वतः आत नेऊन खुंटीला लावला. टीव्हीत पांढरी बाई आली.

"आता ही तुझ्यात का रे शिरली?" तिनं दारातून विचारलं. "हिला कुठं घालवू? तुझे केस कापू?"

मागून कुणीतरी हसलं. लडकूनं पवित्रा बदलला, हात जोडले. त्यानं दोरा देवाच्या नावानं बांधला होता, कॅमेऱ्यातलं त्याला काय कळणार, त्याच्या मनात पाप नव्हतं. माणसं चुळबुळली. काहींना ते पटायला लागलं होतं, मलाही क्षणभर वाटलं की हा निव्वळ अडाणी असेल.

तेवढ्यात पंकज म्हणाला, "बंधनाच्या येळी टीव्ही बंद केलेला. डबा चालू व्हता."

चाहूल लागली की डबा साठवतो, टीव्ही चालू असो नाहीतर बंद. पंकज घाबरून ती चित्रं कधी उघडतच नव्हता. आता त्यानं रिमोट घेतला आणि मागे मागे जात राहिला. टीव्हीत तिन्हीसांजेचं अंगण आलं, पांढरी बाई डुलताना. मग वरून दोन मोठी बोटं आली. त्यांनी बाईला चिमटीत धरलं आणि चित्राबाहेर ओढून नेलं. बोटात लडकूची तांब्याची अंगठी होती.

पंकजनं ते पुन्हा लावलं. पुन्हा तीच बोटं.

पुढचं मला आवडलं नाही. अंगणातली माणसं दगडांकडे वळली. आणले होते ते धोंडीबाईसाठी, आता लडकूसाठी चालणार होते. मी खळ्यावर आडवी उभी राहिले. मी एवढंच म्हटलं की ज्यानं काल चुकीच्या माणसासाठी दगड आणला, त्यानं आज बरोबर माणूस सापडला म्हणून खुश होऊ नये. महिपत आला आणि माझ्याशेजारी उभा राहिला. थोड्या वेळानं लोक मागे सरले. लडकूचं ताट तिथंच राहिलं, तो कुंपणाकडून निघून गेला. मुरबाडकडच्या कुठल्याशा वाडीत गेला म्हणतात. तिकडेही त्याला कुणी ना कुणी मिळालंच असेल.

सोनाली पोराला घेऊन पंकजच्या मोटारसायकलवर बसलीसुद्धा होती. पोराच्या छातीत न्यूमोनिया निघाला. शहापूरच्या दवाखान्यात बरेच दिवस काढून पोर घरी आलं. अजून थोडा उशीर झाला असता तर पोर हाती लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

त्या दुपारी सगळे गेल्यावर मी धोंडीबाईला त्या खोलीत नेलं. दोरा तिच्या हातात दिला, दार किलकिलं ठेवलं आणि फटीतून दिसेल असा टीव्ही फिरवला. तिनं दोरा वर केला, खाली केला. बराच वेळ ती तेच करत राहिली. मग तिनं मला विचारलं,

"म्हंजे मी रातची घरीच असते?"

"घरीच असता, आजी. झोपलेल्या असता."

ती मटकन खाली बसली आणि रडली. दगड बघून ती रडली नव्हती.

तिची माफी कुणी मागितली नाही. महिपतनं तिच्या घरावर नवा पेंढा घालून दिला, तेवढीच त्याची माफी. काही बायका अजूनही ती दिसली की पोरांना आत घ्यायच्या. पुढे अशा भगतांविरुद्ध कायदा झाला, चांगलं झालं. पण कायदा येतो तो बहुतेक वेळा दगड मारून झाल्यावर.

म्हणून तुम्हाला सांगते. उद्या तुमच्याकडे असं काही दिसलं, टीव्हीत किंवा मोबाईलात किंवा झाडावर, तर भिऊ नका असं मी म्हणणार नाही. मीही भ्याले होते. भीती वाटू द्या, पण त्या भीतीला कुणाचं नाव देऊ नका. ते नाव आजवर कधी पाटलाचं निघालेलं मी ऐकलं नाही, कधी भगताचं निघालं नाही. ते निघतं एकट्या बाईचं, म्हातारीचं, जिच्या बाजूनं बोलायला दारात कुणी नाही तिचं. तुमच्या पडवीत कुणी तसं नाव घेतलं तर गप्प बसू नका. तुम्ही कसं ओळखलंत, असं त्याला विचारा, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत त्या बाईच्या शेजारी जाऊन बसा.